लुप्त नृत्यांचा जीर्णोद्धार
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें व्याख्यानाचा विषय आमच्या इच्छेवर सोंपविला आणि आम्हीं नृत्य हा विषय निवडला, ह्याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटलें असेल. धर्मगुरूनें उपासनेवर बोलावें, उपवासावर बोलावें, फार तर धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलावें. नृत्याशीं त्याचा काय संबंध, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. ह्या प्रश्नाचें उत्तर एका धर्मगुरूच्याच चरित्रांत आहे. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

नाताळच्या दिवसांत 'डिंग डाँग मेरिली ऑन हाय' हें इंग्रजी गीत आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. त्याचे शब्द जॉर्ज रॅटक्लिफ वुडवर्ड ह्यांचे असून तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु त्याची चाल त्याहून तीनशेंहून अधिक वर्षांनीं जुनी आहे, आणि ती मूळची भक्तिगीताची नसून नाचाची आहे. फ्रान्स देशांतील लांग्र ह्या गांवीं १५८९ सालीं छापलेल्या 'ऑर्केसोग्राफी' नांवाच्या पुस्तकांत ती आढळते. पुस्तकावर ग्रंथकर्त्याचें नांव तोआनो आर्बो असें आहे; पण तें टोपणनांव होय. फ्रेंच लिपींतील त्याच अक्षरांची उलटापालट केली म्हणजे झाँ ताबुरो हें खरें नांव निघतें. आणि हे झाँ ताबुरो लांग्र येथील कॅथीड्रलचे कॅनन, म्हणजे तेथील धर्मगुरुमंडळाचे सभासद होते. पुस्तक निघालें त्या वेळीं त्यांचें वय सत्तरीच्या आसपास होतें. एका वयोवृद्ध धर्मगुरूनें नाच शिकविण्याचें पुस्तक लिहावें, आणि त्यांतील चालीवर पुढें ख्रिस्तजन्माचें गीत गाइलें जावें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

पुस्तकाची मांडणी संवादाची आहे. काप्रिओल नांवाचा एक तरुण वकील आपल्या जुन्या गुरूकडे येतो. कायद्याचें ज्ञान त्यानें पुष्कळ संपादिलें आहे. परंतु नाच येत नसल्यामुळें चारचौघांत त्यास खालीं पाहावें लागतें. गुरु त्यास एकेक नाच समजावून देतात. दावीद राजा कराराच्या कोशापुढें नाचला, ह्या शास्त्रांतील दाखल्याचा ते आधार घेतात. आणि विवाहेच्छु तरुण-तरुणींना परस्परांच्या प्रकृतीची पारख नाचांत होते, असा व्यवहारी मुद्दाहि सांगण्यास चुकत नाहींत. ग्रामस्थांच्या संसाराची काळजी वाहणाऱ्या कोणाहि धर्मगुरूला ही दृष्टि ओळखीची वाटेल.

आतां, जो नाच पाहणारा एकहि मनुष्य आज हयात नाहीं, तो पुस्तकावरून पुन्हां उभा कसा करावयाचा, हा आपल्या व्याख्यानाचा खरा विषय आहे. आर्बो ह्यांनीं ह्या कामीं एक सोपी पण फार मोलाची युक्ति योजिली. त्यांनीं चालीचे स्वर पानावर आडवे न मांडतां वरून खालीं उभे मांडले, आणि प्रत्येक स्वरासमोर त्या क्षणीं पायानें काय करावयाचें तें लिहिलें. 'ब्रान्ल' नांवाचा एक सामान्य लोकांचा नाच होता. त्यांत स्त्रीपुरुष हात धरून कडें करीत किंवा ओळ धरीत. त्यांतील एक पूर्ण चाल अशी : डावा पाय बाजूस टाकावा, उजवा जवळ आणावा, पुन्हां डावा बाजूस टाकावा, आणि दोन्ही पाय जोडावे, नंतर तेंच उजवीकडे. चार स्वर, चार हालचाली. कोठेंहि संदेह नाहीं. धोबिणींच्या ब्रान्लमध्यें टाळ्या वाजवावयाच्या असतात, कारण पॅरिस शहरीं सेन नदीच्या कांठीं कपडे आपटणाऱ्या स्त्रियांचा आवाज त्यांतून निघावा, असें ते सांगतात. घोड्यांच्या ब्रान्लमध्यें पाय आपटावयाचा असतो. चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हें पुस्तक उघडून कोणीहि दहा माणसें तासाभरांत धोबिणींचा नाच नाचूं शकतात. एवढें सामर्थ्य एका चांगल्या लिहिलेल्या पानांत आहे.

परंतु ह्याच ग्रंथांत एक खेदाची नोंद आहे. प्राचीन लोक कसे नाचत, असें शिष्य विचारतो, तेव्हां गुरु सांगतात कीं, कालाच्या ओघामुळें, मनुष्याच्या आळसामुळें किंवा नृत्याचें वर्णन करणें कठीण असल्यामुळें तें ज्ञान आपल्यापर्यंत पोंचलें नाहीं. आणि केवळ प्राचीनांचेंच कशाला? 'बास दान्स' नांवाचा संथ नाच चाळीस-पन्नास वर्षांमागेंच प्रचारांतून गेला, असेंहि ते लिहितात. एका मनुष्याच्या आयुष्यांत एक नाच नाहींसा झाला होता. म्हातारपणीं त्यांनीं लेखणी हातीं धरिली, तिच्यामागें हा अनुभव उभा आहे.

फ्रान्समधून आतां इंग्लंडकडे वळूं. १६५१ सालीं लंडन शहरीं जॉन प्लेफर्ड नांवाच्या प्रकाशकानें 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हें पुस्तक काढिलें. राजा पहिला चार्ल्स ह्याचा शिरच्छेद होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, आणि राज्य प्यूरिटन मताच्या लोकांच्या हातीं होतें. अशा काळांत नाचाचें पुस्तक निघालें, आणि तें टेम्पल चर्चच्या दारापाशीं असलेल्या दुकानांत विकलें गेलें! हाच प्लेफर्ड पुढें त्या चर्चचा क्लार्क झाला, व त्यानें स्तोत्रांचीं पुस्तकेंहि छापलीं. त्याच्या नृत्यपुस्तकांत शंभराहून अधिक 'कंट्री डान्स', म्हणजे समूहानें नाचावयाचीं ग्रामनृत्यें, चालीसकट दिलेलीं आहेत. कांहीं कडें करून नाचावयाचीं, कांहीं चौरसांत, कांहीं समोरासमोर दोन लांब ओळींत. पुरुषांची जागा चंद्रकोरीनें व स्त्रियांची जागा सूर्यबिंबासारख्या वर्तुळानें दाखविली आहे. पुस्तक इतकें लोकप्रिय झालें कीं, सुमारें १७२८ पर्यंत, प्रकाशक बदलत गेले तरी, त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या.

येथें जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. प्लेफर्ड आरंभीं थोड्या संज्ञांचा अर्थ देतो. 'डबल' म्हणजे पुढें किंवा मागें चार पावलें, शेवटीं पाय जोडून. 'सिंगल' म्हणजे दोन पावलें, तशींच पाय जोडून. एवढ्यावरून हिशेब मांडतां येतो. सर्वांनीं एक डबल पुढें जावें आणि मागें यावें, म्हणजे आठ पावलें झालीं. पुन्हां तसेंच करावें, म्हणजे सोळा. चालीचा पहिला भाग एकदां वाजविण्यास आठ पावलें लागत असतील, तर तो भाग दोनदां वाजविला पाहिजे. आणि पुस्तकांतील खुणाहि तसेंच सांगत असतील, तर आपला अर्थ बरोबर जुळला. पण कधीं कधीं सांगितलेल्या हालचाली जास्त होतात आणि स्वर कमी पडतात. मग चालीचा तो भाग आणखी एकदां वाजवावा, कीं पुरुषांची व स्त्रियांची हालचाल एकाच वेळीं चालली होती असें मानावें? गवंडी पडक्या कमानीचे दगड जमिनीवर मांडून कोणता दगड कोठें बसतो तें पाहतो, तसेंच हें काम आहे.

आणखी एक अडचण ह्याहून मोठी आहे. पाऊल किती लांब, चालीं चालावयाचें कीं हलकें धावावयाचें, हात कसा धरावयाचा, ह्याविषयीं प्लेफर्ड अवाक्षर काढीत नाहीं. कित्येक नाचांच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीं तो नुसतें 'साइड्स' एवढें लिहितो आणि पुढें जातो. त्याचा अर्थ तो कोठेंच देत नाहीं. कां? त्याच्या गिऱ्हाइकांपैकीं प्रत्येकाला तो ठाऊक होता म्हणून. आपल्या सुगरणींनीं लिहिलेल्या पाककृतींत 'मीठ बेताचें' एवढेंच असतें. त्यांतलाच हा प्रकार. जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते ती कोणीच लिहीत नाहीं. आणि म्हणूनच, जाणणारीं माणसें गेलीं कीं, सर्वांत आधीं तीच हरपते. आजच्या आमच्या बोलण्याचें सार एवढ्याच वाक्यांत आहे.

प्लेफर्डच्या पुस्तकांतील हीं नृत्यें पुन्हां उभीं करण्याचें श्रेय प्रामुख्यानें सेसिल शार्प ह्यांस दिलें जातें. १८५९ सालीं जन्मलेले हे संगीतशिक्षक खेड्यापाड्यांतून फिरून गाणीं व नाच टिपून घेत. १९०९ सालीं त्यांनीं 'द कंट्री डान्स बुक' ह्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यांत त्या काळीं इंग्लंडच्या खेड्यांत प्रत्यक्ष नाचल्या जाणाऱ्या नृत्यांचें वर्णन होतें. मग १९११ सालीं दुसऱ्या भागांत त्यांनीं प्लेफर्डच्या पुस्तकांतील तीस नृत्यें अर्थ लावून दिलीं, आणि त्याच वर्षीं इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे : आधीं जिवंत खेडूत, मग जुनें पुस्तक. प्लेफर्डनें जेथें मौन धरिलें, तेथें पावलाची चाल कशी असावी हें त्यांनीं शेतकरी व मजूर ह्यांच्या पायांकडे पाहून ठरविलें. १९१७ सालीं ते अमेरिकेंतील केंटकी प्रांताच्या डोंगराळ मुलुखांत गेले असतां, तेथील वसाहतवाल्यांचा 'रनिंग सेट' नांवाचा नाच त्यांस पाहावयास मिळाला; तोहि त्यांनीं लिहून घेतला, आणि आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत दिला.

तरीहि 'साइड्स' ह्या एका शब्दाचा निकाल लागला नाहीं. शार्प ह्यांनीं असा अर्थ केला कीं, जोडीदारांनीं चार पावलांत एकमेकांच्या जागीं जावें, तेथें वळावें, आणि चार पावलांत परत यावें. १९२४ सालीं ते निवर्तले. त्यानंतर कांहीं दशकांनीं पॅट शॉ ह्यांनीं निराळा अर्थ सुचविला. त्यांच्या मतें जोडीदारांनीं खांद्याला खांदा येईपर्यंत पुढें यावें आणि तसेंच मागें जावें. जागांची अदलाबदल नाहीं. पावलांचा हिशेब दोन्ही अर्थांत सारखाच जुळतो. आजहि नाचणाऱ्या मंडळींत दोन्ही रीति चालू आहेत, आणि त्या त्या रीतीस शार्प किंवा शॉ ह्यांचें नांव लाविलें जातें. आम्हांस ह्यांतला प्रामाणिकपणा फार आवडतो. ही रीति प्लेफर्डची, असें छातीठोकपणें न म्हणतां, ही शार्प ह्यांची समजूत, ती शॉ ह्यांची समजूत, असें सांगण्यांत येतें. जीर्णोद्धार केलेल्या देवालयांत जुना दगड कोणता व नवा कोणता हें ओळखूं यावें, तसेंच हें आहे.

अशा वेळीं दुसऱ्या देशाचें पुस्तकहि साह्य करितें. इंग्रजी ग्रामनृत्यें फ्रान्समध्यें आवडूं लागलीं, तेव्हां राउल ओझे फय्ये ह्या नृत्यशिक्षकानें १७०६ सालीं त्यांचा एक संग्रह काढिला. त्यानें शब्दांवर भिस्त न ठेवतां, छतावरून खालीं पाहावें त्याप्रमाणें, नाचणारीं माणसें जमिनीवर कोणत्या रेषेनें जातात, तें रेखून दाखविलें. १७१० सालीं जॉन एसेक्स ह्यानें तें पुस्तक इंग्रजींत आणिलें. प्लेफर्डनें शब्दांत जें मोघम ठेविलें, त्यांतील कांहीं भागावर ह्या रेषांनीं प्रकाश पडतो. पण नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कोणता भाव होता, मान किती वांकत होती, हें रेषाहि सांगत नाहींत.

बंधुभगिनींनो, आपल्या उपासनेंतहि हेंच आहे. मिस्साविधीच्या ग्रंथांत प्रार्थना काळ्या अक्षरांत व कृतीच्या सूचना तांबड्या अक्षरांत छापलेल्या असतात. धर्मगुरूनें 'हात पसरून' प्रार्थना म्हणावी, असें तेथें आहे. हात किती पसरावे, किती उंच धरावे, ग्रंथ सांगत नाहीं. सेमिनरींत असतां आम्ही तें वडील धर्मगुरूंकडे पाहून शिकलों, आणि त्यांनीं तें आपल्या वडिलांकडे पाहून शिकून घेतलें होतें. पवित्र ख्रिस्तसभा शास्त्राच्या जोडीला परंपरेचा आदर करावयास सांगते, त्याचा एक लहानसा पडताळा आम्हांस त्या तांबड्या अक्षरांत मिळतो. दावीद राजा सर्व शक्तीनिशीं नाचला आणि त्यानें तागाचें एफोद घातलें होतें, हें शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत आहे. त्याचें पाऊल कसें पडत होतें, तें मात्र पाहणाऱ्यांबरोबर गेलें.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजापुढें ह्याचें एक मोठें उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. ते १५७९ सालीं गोमंतकांत आले, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें. त्याच शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण त्या तिन्ही आवृत्त्यांतील एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. लोकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांनीं तें काव्य तारिलें, आणि त्यांच्या आधारें १९०७ सालीं जोसेफ सालढाणा ह्यांनीं मंगळूर येथें तें पुन्हां छापिलें. ओव्या वांचल्या, हा देवाचा मोठा अनुग्रह होय. परंतु त्या ओव्यांसमोर, आर्बो ह्यांच्या पानावर आहेत तसे, स्वर लिहिलेले नाहींत. चारशें वर्षांपूर्वीं भाविक मंडळी त्या कोणत्या सुरांत गात होती, हें केवळ पानावरून कोणास सांगतां येणार नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. गोमंतकांतील मांडो नृत्यांत स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहून पुढें येतात व मागें जातात. तो आजहि जिवंत आहे, म्हणून पाहून शिकतां येतो. आपल्या उत्तर कोंकणांत लग्नघरीं उंबराचें पाणी आणावयास मिरवणूक निघते. त्या वेळचीं गाणीं आपल्या म्हाताऱ्या आयाबायांस पाठ आहेत. महोत्सवानिमित्त तीं गाणीं छापून काढावीं, अशी सूचना पुढें आली आहे, आणि तिला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. पण केवळ शब्द छापिले, तर आपण प्लेफर्डचेंच पुस्तक पुन्हां काढूं, तेंहि चालीवांचून! 'येथें बायका फेर धरितात' असें आपण लिहूं. आणि पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांची नातवंडें तें वाक्य घेऊन वाद घालीत बसतील कीं, फेर उजवीकडून कीं डावीकडून?

म्हणून ह्या कामास लागणाऱ्या तरुण मंडळीला आमचें सांगणें आहे. पहिली गोष्ट, जें सर्वांस ठाऊक आहे तेंच आधीं लिहा : कोण पुढें, कोण मागें, कोणता पाय प्रथम, टाळी कोणत्या शब्दावर, गाणें कोणी उचलावयाचें आणि कोणी झेलावयाचें. दुसरी गोष्ट, प्रत्येक नोंदीपुढें खूण करा : हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, हें अमुक वयाच्या आजीनें सांगितलें, आणि हा आमचा तर्क. तर्क करणें पाप नाहीं. तर्कास साक्ष म्हणणें मात्र असत्य आहे. तिसरी गोष्ट, दोन आज्यांनीं दोन रीति सांगितल्या, तर एकीस खोटी ठरवूं नका; दोन्ही लिहा.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे; चित्रफीत काढिली म्हणजे झालें. चित्रफीत अवश्य काढावी. आर्बो ह्यांना ती मिळती, तर त्यांचे श्रम पुष्कळ वांचते. परंतु चित्रफितींत एका दिवशीं अमुक बायांनीं काय केलें तेवढें दिसतें. त्यांतील नेम कोणता आणि त्या दिवसाची अडचण कोणती, तें दिसत नाहीं. मांडव लहान म्हणून फेर तुटला असेल, तर पाहणारा तुटलेल्या फेरासच रूढि समजेल. तें सांगावयास जाणतें माणूसच पाहिजे. आणि जाणतीं माणसें दरसाल आपण स्मशानभूमींत पोंचवून येत आहों. गेल्या कांहीं वर्षांत अंत्यविधीची प्रार्थना म्हणतांना आमच्या मनांत कितीदां आलें आहे कीं, ह्या पेटीबरोबर एक गाणें, एक ठेका, एक चाल मातींत जात आहे, आणि तिची विचारपूस आपण कोणींच केली नाहीं.

सर्वांत चांगलें पुस्तक तर आपलें अंगच होय. आज जी मुलगी आपल्या आजीचा हात धरून फेरांत एकदां फिरेल, तिच्या पायांत तें ज्ञान आणखी सत्तर वर्षें राहील. म्हणून महोत्सवाच्या कार्यक्रमांत मुलांनीं एकट्यांनींच नाचून दाखवावें व वडील मंडळींनीं खुर्च्यांवर बसून पाहावें, ही रचना समितीनें बदलावी, अशी आमची विनंति आहे. आज्या आणि नाती एकाच फेरांत उभ्या कराव्या. पाऊल चुकेल, गाणें मध्येंच अडेल, फेर वांकडा होईल, होऊं द्यावें. पाहुण्यांपुढें शोभा थोडी कमी झाली तरी चालेल.

लांग्र येथील त्या वृद्ध धर्मगुरूनें आपल्या तारुण्यांतील नाच लिहून ठेविले, आणि १५९५ सालीं तो देवाघरीं गेला. आपण पेरलें तें कोण कापील, हें त्यास ठाऊक नव्हतें. आपल्या ह्या धर्मग्रामांत पेरणारे आणि कापणारे आज एकाच मांडवाखालीं बसले आहेत, ही केवढी कृपा! तिचा उपयोग करण्याची बुद्धि आणि उत्साह दयाळू परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आपल्या वडीलधाऱ्या मंडळीस आयुरारोग्य देवो, आणि पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीनें आपल्या घराघरांवर त्याचा आशीर्वाद राहो, एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.